गाडी खालून वाजते? पार्ट बदलण्याआधी हे क्रमाने तपासा

जुनी गाडी घेताना आपण ती बहुधा चांगल्या रस्त्यावर चालवून बघतो. घरी आणल्यावर गल्लीतले पेव्हर ब्लॉक, पावसाळ्यानंतरचे खड्डे आणि कुणीतरी रात्रीत डांबर ओतून केलेला स्पीडब्रेकर लागला की खालून पहिली खडखड ऐकू येते. माझ्या बाबतीत हेच झालं. मी साताऱ्यात राहतो. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, घेतली तेव्हा नऊ वर्षांची आणि ७८ हजार किलोमीटर चाललेली. पुढच्या दीड वर्षात डाव्या पुढच्या चाकाकडचा आवाज मी तीनदा दुरुस्त करून घेतला आणि तीनदा तो परत आला. चौथ्या वेळी स्वतःच जॅक आणि टॉर्च घेऊन बसलो. त्यानंतर भावाची, मेव्हण्याची, शेजारच्या काकांची, ऑफिसातल्या सहकाऱ्यांची अशा पंधरा-वीस गाड्यांचे आवाज शोधून झाले आहेत.

आवाज परत येण्याची दोन कारणं मला पुन्हापुन्हा दिसली. पहिलं, वाजत असतो एक पार्ट आणि बदलला जातो दुसराच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दुसरं, पार्ट बरोबर ओळखला जातो, नवीन बसतोही, पण त्याचे बोल्ट चुकीच्या स्थितीत आवळले जातात. या दुसऱ्या कारणाबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून त्यावर पुढे जरा थांबून लिहिलं आहे.

खाली जे सांगतोय ते पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) असलेल्या गाड्यांसाठी आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या हॅचबॅक आणि छोट्या सेडान याच प्रकारच्या. पाटे असलेल्या जीप आणि पिकअपचं गणित वेगळं.

आधी आवाज नीट ऐका

मेकॅनिकला नुसतं "खालून आवाज येतो" सांगितलं तर तो अंदाजाने सुरुवात करणार. आपल्या भाषेत आवाजांना इतके नेमके शब्द आहेत की ते वापरले तर निम्मं निदान तिथेच होतं. कोणता आवाज, कधी, कोणत्या बाजूने, किती वेगाला, हे दोन दिवस वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवा.

- टकटक किंवा हलकी खडखड, वेग कमी, रस्ता बारीक खडबडीत, एकच चाक खड्ड्यात जातं तेव्हा: लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला स्ट्रटशी जोडणारी काडी) किंवा स्टॅबिलायझरचा बुश (सांध्यातलं रबर).
- एकच जड "ठक", ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्स टाकून निघताना: लोअर आर्मचा (चाकाला खालून फ्रेमशी जोडणाऱ्या दांड्याचा) बुश. बॉल जॉइंटही (आर्म आणि चाक यांच्यातला गोल सांधा) असू शकतो.
- स्पीडब्रेकरवरून उतरताना "धप्प", आणि नंतर गाडी दोन-तीनदा डुलते: शॉकअप संपत आला आहे.
- कुर्रकुर्र, चर्रचर्र, अगदी हळू जाताना किंवा गाडीत माणसं बसताना-उतरताना: कोरडा किंवा चिरलेला रबर बुश. पावसात हा आवाज कमी होतो, ही मोठी खूण.
- गाडी जागेवर उभी, स्टेअरिंग पूर्ण फिरवताना "टंग": स्ट्रटच्या वरचं माउंट किंवा त्यातली बेअरिंग. स्प्रिंगचा टोकाचा वेढा तुटला असेल तरी असाच आवाज येतो.
- स्टेअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिला की कटकटकट: हा सस्पेन्शनचा आवाजच नाही. ड्राईव्ह शाफ्टचा (इंजिनचा जोर चाकाला देणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा जॉइंट गेला आहे.
- वेगाबरोबर वाढत जाणारं "घूंऽऽ": चाकाची बेअरिंग किंवा वेडावाकडा झिजलेला टायर.
- कानाला कमी आणि स्टेअरिंगवरच्या हाताला जास्त जाणवणारी खटखट: टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) किंवा स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगचं फिरणं त्या दांड्यांपर्यंत नेणारा भाग).

या यादीतली पहिली ओळ सगळ्यात जास्त वेळा भेटते आणि सगळ्यात जास्त वेळा चुकतेही. त्यासाठी एक फुकटची चाचणी आहे. स्टॅबिलायझर बार डाव्या आणि उजव्या चाकाला एकमेकांशी बांधून ठेवतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार नुसता फिरतो, पिळला जात नाही. एकच चाक वर गेलं तर बार पिळला जातो आणि त्याचा सगळा ताण लिंक रॉडवर येतो. म्हणून एखादा नीट बांधलेला, रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा स्पीडब्रेकर शोधा आणि त्यावरून हळू, सरळ जा. मग फक्त डाव्या बाजूची चाकं खड्ड्यातून न्या, नंतर फक्त उजव्या बाजूची. दोन्ही चाकं एकत्र गेल्यावर शांतता आणि एकच चाक गेल्यावर खडखड, तर संशय लिंक रॉड आणि स्टॅबिलायझर बुशवर. दोन्ही प्रकारांत आवाज असेल तर शॉकअप, माउंट, आर्म यांच्याकडे बघा. काही छोट्या गाड्यांना स्टॅबिलायझर नसतोच, आणि काही जुन्या मॉडेलमध्ये तो वेगळ्या लिंक रॉडशिवाय थेट लोअर आर्मला जोडलेला असतो. आपल्या गाडीत काय आहे ते चाकामागे एकदा वाकून बघून घ्या.

नीट बांधलेला स्पीडब्रेकर म्हणतोय त्याला कारण आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गोल उंचवट्याचा स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असायला हवा, तो २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा म्हणून. आपल्या गावातले बरेचसे हातभर रुंदीचे, सरळ उभे. त्यांच्यावर चांगली गाडीही दणका देते, त्यामुळे त्यांच्यावरून निदान करू नका.

काहीही न उघडता होणारी तपासणी

सगळ्यात आधी गाडी रिकामी करा. खरोखर रिकामी: डिकी, सीटखालच्या बाटल्या, दाराच्या कप्प्यातली नाणी, मागची छत्री. माझी आई मागच्या सीटवर बसते. ती दोन आठवडे म्हणत होती, "अरे, माझ्या पाठीमागे काहीतरी वाजतंय, पुढे नाही." मी मागचे शॉकअप बघत बसलो होतो. शेवटी स्टेपनी उचलली तर तिच्याखाली जॅक त्याच्या खाचेतून सुटून पत्र्यावर आपटत होता. जॅक खाचेत बसवला, त्याचा स्क्रू फिरवून घट्ट केला, वर जुना टॉवेल दाबला, आणि आवाज तिथेच संपला. स्टेपनीचा मधला बोल्ट, पार्सल ट्रे, मागची नंबर प्लेट यांच्यावरही हाताने थोपटून बघा. बोनेट नीट लागलं आहे का, तेही.

मग टायरची हवा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा धरा. छोट्या गाड्यांना तो साधारण ३० ते ३३ पीएसआयच्या आसपास असतो. पंपावरचा मुलगा सवयीने ३८-४० भरून देतो. इतकी हवा असली की टायर दगडासारखा कडक होतो, प्रत्येक खडा आत ऐकू येतो आणि आपण चांगले शॉकअप बदलायला निघतो. हवा थंड टायरमध्ये मोजा.

चाकाचे नट. हे मी कळकळीने सांगतो, कारण यात जीव जाऊ शकतो. पंक्चर काढल्यावर किंवा अलाइनमेंट केल्यावर नट नीट आवळले गेले नसतील तर चाक आतल्या आत सरकत टकटक करतं, आणि ती टकटक अगदी लिंक रॉडसारखी वाटते. गाडी जमिनीवर असताना सगळे नट समोरासमोरच्या क्रमाने पान्याने तपासा. एखादा सैल निघाला आणि त्याचा स्टड किंवा चाकाचं भोक झिजलेलं दिसलं, तर गाडी तिथेच थांबवा.

नट ठीक असतील तर रिकाम्या रस्त्यावर, खडबडीत भागातून हळू जाताना ब्रेकवर पाय नुसता टेकवा, गाडी थांबणार नाही इतकाच. आवाज लगेच बंद झाला तर तो ब्रेक पॅड किंवा कॅलिपरचा आहे. ब्रेक टेकल्यावर पॅड डिस्कला दाबले जातात आणि खुळखुळायचे थांबतात. पॅडच्या क्लिपा गंजून पडलेल्या असतात किंवा पॅड बदलताना टाकायच्या राहिलेल्या असतात. या एका चाचणीने शेजारच्या काकांचा लोअर आर्मचा खर्च वाचला. क्लिपांच्या सेटवर काम झालं.

सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर डिकीतल्या सिलिंडरचं ब्रॅकेट बघा. लोखंडी सिलिंडर साठ किलोच्या घरात असतो. त्याचे पट्टे सैल झाले की मागून जड "धाड" येतो. बघा, टॉर्च मारा, पट्ट्याखालचं रबर जागेवर आहे का पाहा, पण पाना लावू नका. ते काम अधिकृत सीएनजी फिटरचं. त्याच फेरीत सिलिंडरवर ठोकलेली चाचणीची तारीख बघून घ्या, कारण हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते.

सायलेन्सर थंड असताना तो हाताने हलवून बघा. लटकवायचं रबर तुटलं की पाइप खालच्या पत्र्यावर आपटतो. पाइपावरचा उष्णतारोधक पत्रा सैल झाला तर ठरावीक आरपीएमला झर्रझर्र वाजतो, रस्ता कितीही चांगला असला तरी. उभ्या गाडीत आवाज येत असेल तर सस्पेन्शन सोडून द्या.

कान आणि हात

आवाज कोणत्या बाजूचा हे आत बसून कळणं अवघड असतं, कारण पत्र्यातून तो फिरतो. एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीला समांतर, काच खाली करून, दहा-पंधराच्या वेगाने जा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि त्या बाजूचं चाक स्पष्ट ऐकू येतं. परत येताना दुसरी बाजू भिंतीकडे ठेवा.

आता गाडी सपाट जागेवर लावा, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा म्हणजे चाकामागे हात जाईल, इंजिन बंद करा आणि हँडब्रेक ओढा. लिंक रॉड म्हणजे स्टॅबिलायझर बारचं टोक आणि स्ट्रट यांना जोडणारी, करंगळीएवढी जाड आणि दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असलेली काडी. ती मुठीत धरून जोरात हलवा. चांगला लिंक रॉड बॉलवर घट्ट फिरतो, पण वर-खाली खुळखुळत नाही. हाताला किंचितही टकटक लागली तर तो गेला. त्याच्या टोकाचं रबर फाटून ग्रीसवर माती चिकटलेली असेल तर आज वाजत नसला तरी लवकरच वाजणार.

ही तपासणी चारही चाकं जमिनीवर असताना करायला सांगतोय, त्यामागे कारण आहे. एकाच बाजूला जॅक लावला की बार पिळला जातो, लिंक रॉडवर ताण येतो आणि त्याचा प्ले (ढिलेपणा) लपतो. गॅरेजमध्ये एक चाक उचलून "लिंक रॉड ओके आहे" म्हटलं जातं ते यामुळेच. उचलायचंच असेल तर पुढची दोन्ही चाकं सारखी उचला.

त्यानंतर बोनेटचा एक कोपरा दोन-तीनदा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबायला हवी. ती आणखी डुलली तर शॉकअप कमजोर आहे. मात्र ही चाचणी पास झाली म्हणून शॉकअप चांगलाच आहे असं समजू नका. ती फक्त पार संपलेला शॉकअप पकडते. शॉकअपच्या नळीवर तेलाचा हलका ओलसर थर चालतो. तेल ओघळून त्यावर धुळीचा चिखल झाला असेल तर तो बदलायला आला. टायरवरून तळहात फिरवा. रबर लाटांसारखं उंच-सखल झिजलेलं असेल तर शॉकअप बराच काळ काम करत नव्हता.

कुरकुरीसाठी स्प्रेची बाटली आणि साधं पाणी घ्या. घरातल्या कुणाला तरी गाडीचा कोपरा हलवत ठेवायला सांगा आणि एकेका बुशवर पाणी मारा: आधी स्टॅबिलायझरचे बुश, मग लोअर आर्मचे. ज्याच्यावर पाणी पडल्यावर कुरकुर थांबते, तो बुश तुमचा. एका वेळी एकच भिजवा, नाहीतर काही कळणार नाही.

इथे एक विनंती. वॉशिंग सेंटरवर गाडीखालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारून देतात. त्याने महिनाभर गाडी शांत होते, गिऱ्हाईक खूश होतं. पण खनिज तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि मग फाटतं. जुन्या गाडीचे बुश वाचवायचे असतील तर याला स्पष्ट नाही म्हणा.

जॅक लावण्याआधी

गाडीतला जॅक चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं किंवा हात घालायचा नाही. जमीन सपाट आणि कठीण हवी, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅक स्टँड. विटा नाहीत, फरशीचे तुकडे नाहीत, कारण ते एका क्षणात फुटतात. चाक काढलंच तर ते दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक स्टँड नसेल तर या भागातलं काही करू नका. जवळच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर पंधरा मिनिटं मागा आणि शेजारी उभे राहून बघा.

चाक हवेत आलं की दोन्ही हातांनी ते घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. ढिलेपणा जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकमुळे ढिलेपणा गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तो तसाच राहिला तर बॉल जॉइंटकडे बघा. मग नऊ आणि तीनच्या जागी धरून झटक्याने हलवा. इथला ढिलेपणा टाय रॉड एंड किंवा रॅकच्या आतल्या जॉइंटचा असतो. एका हाताने चाक हलवताना दुसरा हात टाय रॉड एंडवर ठेवला की नेमकं कुठे खटकतंय ते बोटांनाच कळतं.

बेअरिंगवरून आठवलं. सांगली-कोल्हापूरला ऑगस्ट २०१९ मध्ये आणि महाड-चिपळूणला जुलै २०२१ मध्ये पूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशा गाड्या स्वच्छ होऊन बाजारात येतात. कमी चाललेल्या गाडीच्या एकापेक्षा जास्त चाकांत "घूं" येत असेल, तर सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर त्यावर गाळाची रेघ दिसते का, हे बघा.

बॉल जॉइंटसाठी टायरखाली एक टॉमी (लोखंडी पहार) घालून चाक हळूच वर उचला आणि आर्म जिथे चाकाच्या बाजूला जोडला जातो त्या जागेकडे नजर ठेवा. चाक उचललं जातं पण आर्म जागेवर राहतो असं दिसलं, तर तपासणी तिथेच थांबवा. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं आणि गाडी हातात राहत नाही.

आता लोअर आर्मचे बुश. आर्मला साधारण दोन बुश असतात, आणि बऱ्याच गाड्यांत मागचा मोठा बुश आधी जातो कारण ब्रेकचा मार त्याच्यावर येतो. टॉमी आर्म आणि फ्रेमच्या मध्ये घालून थोडा जोर द्या. रबर थोडं दबणारच, त्यासाठीच ते आहे. वरवरच्या बारीक चिरांनाही घाबरू नका. रबर धातूपासून सुटून मध्ये फट पडली असेल किंवा आतली नळी बाहेरच्या कड्याला टेकत असेल, तर बुश गेला. खात्रीसाठी गाडी खाली घेऊन मोकळ्या जागेत पाच-सहा फूट पुढे जाऊन ब्रेक, रिव्हर्स घेऊन ब्रेक, असं तीन-चारदा करा. दिशा बदलताना दर वेळी एक "ठक" येत असेल तर तुमचं निदान पक्कं. फक्त क्लच सोडताना गचका बसत असेल आणि बोनेट उघडून बघितल्यावर इंजिन उचलून आपटताना दिसत असेल, तर मात्र तो इंजिन माउंटिंगचा दोष.

स्ट्रट माउंट तपासायला दोन माणसं लागतात. एकाने इंजिन चालू ठेवून जागेवर स्टेअरिंग हळू फिरवायचं, दुसऱ्याने बोनेटखाली स्ट्रटच्या वरच्या टोपीवर हात ठेवायचा. बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग पिळत जाते आणि मग एकदम सुटते. तो झटका तळहाताला लागतो, "टंग" कानाला ऐकू येतो. बोटं स्प्रिंगच्या वेढ्यात घालू नका.

मागच्या बाजूला भानगड कमी. शॉकअपचा वरचा आणि खालचा बोल्ट, त्यांचे रबर, स्प्रिंगखालची रबरी गादी आणि टॉर्शन बीमचे दोन बुश. पहिले तीन टॉर्चने दिसतात. बीमचे बुश गेले तर गॅरेज गाठा, कारण ते काढायला प्रेस लागतो.

घरी काय बदलता येतं

माझ्या मते पाना धरता येणाऱ्या माणसाने घरी लिंक रॉड आणि स्टॅबिलायझरचे बुश बदलावेत, त्यापुढे जाऊ नये. लिंक रॉडचा नट फिरवताना आतला बॉलही सोबत फिरतो. म्हणून त्याच्या टोकाला ॲलन की घालून किंवा मागून पातळ पान्याने तो धरून ठेवावा लागतो. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, रबरावर उडू न देता. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड एकदम बदला. एका बाजूचा झिजला तेवढाच दुसऱ्याही बाजूचा चाललेला असतो.

पार्ट विकत घेण्याआधी खात्री हवी असेल तर दोन्ही लिंक रॉड काढून ठेवा, बारची टोकं कुठे घासणार नाहीत असं बघा आणि सोसायटीच्या आवारात दहाच्या वेगाने एक फेरी मारा. खडखड गेली तर दोष लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझरच्या बुशचाच. या अवस्थेत गाडी वळणावर जास्त कलते, त्यामुळे मोठ्या रस्त्यावर नेऊ नका.

बोल्ट कधी आवळायचे

आता माझ्या गाडीची गोष्ट. पहिल्या वेळी दोन्ही लिंक रॉड बदलले गेले, दोष मात्र लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये होता. दुसऱ्या वेळी बुश बदलला, पाच महिन्यांत आवाज परत. तिसऱ्या वेळी पूर्ण आर्म नवा घातला, सात महिन्यांत पुन्हा तीच "ठक". मी पार्टलाच नावं ठेवत होतो. चौथ्या वेळी काढलेला बुश हातात घेऊन नीट पाहिला. रबर सगळीकडून झिजलेलं नव्हतं. ते एकाच दिशेने पिळून, तिरक्या रेषेत फाटलं होतं, ओला कपडा पिळल्यावर घड्या पडतात तसं.

या बुशमधलं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी फ्रेमला जखडली जाते. आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीही घसरत नाही, फक्त रबर पिळलं जातं. बोल्ट आवळताना आर्म ज्या कोनात असेल तो कोन म्हणजे रबराची आरामाची स्थिती. गाडी लिफ्टवर असताना चाकं खाली लोंबतात, आर्म खाली झुकलेला असतो. तशातच बोल्ट आवळले आणि गाडी जमिनीवर उतरवली की आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. उभ्या गाडीतसुद्धा. त्यावर प्रत्येक खड्डा आणखी पीळ देतो. मग पाच-सात महिन्यांत ते फाटणं साहजिक आहे.

म्हणून बोल्ट आधी हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दाबून दोन-तीनदा डुलवायची आणि मग शेवटचं आवळायचं, मॅन्युअलमधल्या टॉर्कनुसार (आवळण्याच्या ठरवून दिलेल्या जोरानुसार). चौथ्या वेळी मी मेकॅनिकजवळ उभा राहून म्हटलं, "दादा, आर्मचे बोल्ट गाडी खाली घेतल्यावर फायनल मारा. वेळ लागला तरी चालेल, त्याचे पैसे देतो." त्यांनी गॅरेजमधल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर गाडी घेतली आणि चाकं जमिनीवर ठेवूनच बोल्ट आवळले. त्याला तीन वर्षं झाली, ३४ हजार किलोमीटर झाले. तोच बुश आहे आणि आवाज नाही. हाच नियम मागच्या बीमच्या बुशना आणि शॉकअपच्या खालच्या बुशनाही लागू.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी दिसल्या तर घरची दुरुस्ती बंद:

- बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये डोळ्यांना दिसणारा प्ले. गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या.
- तुटलेली स्प्रिंग. तिचं टोक टायर फाडू शकतं.
- स्ट्रटच्या वरचा मधला नट उघडायची वेळ. दाबलेली स्प्रिंग त्या नटाने धरलेली असते. योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराशिवाय) तो सोडला तर माणूस जायबंदी होतो किंवा दगावतो. भाड्याने आणलेल्या कॉम्प्रेसरवरही पहिला प्रयोग एकट्याने घरी करू नका.
- बेअरिंग आणि दाबून बसवायचे बुश. हातोडीने ठोकून बसवले तर नवीन पार्ट बसतानाच खराब होतो.
- स्टेअरिंग रॅक. रॅकची खात्री दोन ठिकाणी करून घ्या, कारण त्याचा खर्च बहुधा पाच आकड्यांत जातो आणि इतर कुठल्याही पार्टपेक्षा तो जास्त वेळा विनाकारण बदललेला मी पाहिला आहे.
- फ्रेमवर किंवा आर्म जोडलेल्या जागी गंजाने पापुद्रे सुटलेले, चीर गेलेली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात समुद्रालगत वर्षानुवर्षं राहिलेल्या गाडीत हे आवर्जून बघा.
- सगळं तपासूनही कारण सापडलं नाही आणि आवाज वाढतोय.

गॅरेजला जाताना तुमची नोंद सोबत न्या आणि मेकॅनिकला आपल्या शेजारी बसवून त्याच रस्त्यावरून एक फेरी मारा. "लिंक रॉड बदला" असं सांगू नका. "डावं चाक एकटं खड्ड्यात गेलं की टकटक येते, ब्रेक टेकवला तरी थांबत नाही" असं सांगा. काढलेला पार्ट परत मागून घ्या आणि स्वतः हलवून बघा. तो खुळखुळत नसेल तर आवाज अजून गाडीतच आहे.

टाय रॉड एंड, लोअर आर्म किंवा स्ट्रट यांना हात लागला असेल तर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर आतून खाल्ला जाईल. शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट आणि उघडलेले सगळे बोल्ट पुन्हा तपासा. मी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवतो: तारीख, किलोमीटर, कोणता पार्ट, कोणती बाजू, आणि बोल्ट जमिनीवर आवळले का. भावाच्या गाडीची मागच्या महिन्यातली नोंद आहे, उजवा लिंक रॉड, १,१२,४०० किलोमीटर. डावा दुकानात मिळाला नाही, तो या रविवारी घालायचा आहे.